मिस्ड कॉल म्हणजे काही बोलणं नव्हे

"काकू, असा पॅक येतच नाही हो. सबमें नेट आता है," उज्जैनच्या देवास गेटजवळचा मोबाइलवाला सुमीत म्हणाला.

"येत नाही कसा? ज्याला नुसतं बोलायचंय त्याच्या गळ्यात इंटरनेट मारू नका, असं बजावलंय सरकारनं कंपन्यांना. पेपरात आलंय. नीट बघ." जयूताई शाळेतून रिटायर झाल्या होत्या, आवाज मात्र अजून वर्गातलाच होता.

पॅक त्यांना स्वतःसाठी नको होता. रतलामला राहणाऱ्या थोरल्या भावाचा, भय्यासाहेबांचा, फोन बंद पडला होता. आणि गंमत अशी, की त्या भावाशी जयूताईंचं बोलणंच बंद होतं!

भाचीच्या लग्नात आत्याचा मान राहून गेला, जयूताई फणकारल्या, भय्यासाहेब म्हणाले, "तुझं हे नेहमीचंच." झालं! बाई भरल्या पंगतीतून उठल्या. "ह्यापुढे तुझ्याशी बोलले तर नावाची जयू नाही," म्हणून थेट उज्जैनची बस. दोघंही एकाच माळेचे मणी, माघार घेणार कोण? पण फोनवर बोलायला दणकून पैसे पडायचे, त्या काळापासून दोघांची एक रीत होती. सकाळी भय्यासाहेबांनी दोन घंट्या वाजवून कट करायचं, मग जयूताईंनी. म्हणजे दोन्हीकडे खुशाल. भांडणानंतरही ती रीत सुटली नाही. मिस्ड कॉल म्हणजे काही बोलणं नव्हे, असा जयूताईंचा निवाडा होता. पुढे कंपन्यांत चढाओढ लागली, बोलणं फुकटासारखं झालं, जग तासन्‌तास बडबडू लागलं. ही दोघं आपली दोन घंट्यांवर.

आणि आता घंटी येईना. लावून पाहिलं, तर एक बाई हिंदीत सांगे, या नंबरावर इनकमिंग बंद आहे. आजारी असेल? की त्याहून वाईट? भाचीला विचारावं, तर ती बापाला सांगणार. म्हणजे माघार! म्हणून जयूताईंनी सुमीतचं दुकान गाठलं होतं.

"पण त्याचं तर लाइफटाइम रिचार्ज होतं ना रे? मीच घेऊन दिलं होतं."

"किसके लाइफ का, काकू? ती कंपनीच गेली कधीची. पूर्वी डझनभर कंपन्या होत्या, गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरायच्या. आता उरल्यात दोन-चार. रिचार्ज संपलं की थोडे दिवस बघतात, मग इनकमिंग बंद. आणखी राहिलं तर नंबर दुसऱ्याला."

"दुसऱ्याला?" जयूताई हबकल्याच. "शोध आधी तो पॅक!"

सुमीत बोटानं यादी सरकवत राहिला. "अरे, है तो! एकदम नीचे दबा के रखा है."

"टाक. आत्ताच टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जयूताईंचा जीव भांड्यात पडला. एक घंटी, दुसरी घंटी... आणि तिसरी. चौथी. हा कट का करत नाही? घेरीबिरी आली की काय ह्याला? नावाची जयू गेली खड्ड्यात, म्हणत त्यांनी फोन उचलला.

"रिचार्ज तू केलंश?"

भुसभुशीत, हवा सुटणारा म्हातारा आवाज. जयूताईंना वाटलं, नंबर गेलाच दुसऱ्याला. "कोण बोलतंय?"

"कोण म्हंजे? भय्या."

"मेल्या, काय झालं होतं तुला?"

"कुटं काय! दोन घंट्यांशाटी नेटचे पैशे भरा म्हणाले. म्हटलं, नाही भरत जा."

"आणि मी इकडे काय समजायचं? अरे, पण आवाजाला काय झालं तुझ्या?"

"दात गेले ना शगळे."

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीत."

रोज सकाळी घंटी येत होती, रोज जयूताईंना वाटत होतं, भय्याचं सगळं ठीक आहे. सगळं आपल्याला माहीत आहे. त्यांना रडू आवरेना.

"मला तुझे दात गेलेलेसुद्धा ठाऊक नाहीत रे..."

"रडू नको. थांब, कवळी लावून येतो. मग नीट बोलतो."

जयूताई फोन कानाला लावून बसून राहिल्या. पलीकडे चपला फरफटत लांब गेल्या, नळ सुटला, वाटीत काहीतरी खळखळलं.