आतल्या डोळ्याचा चष्मा

शाळेच्या सभागृहात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्यावर पालक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या बुटक्या टेबलाकडे लागल्या होत्या. टेबलामागे मांडी घालून एक मुलगा बसला होता आणि त्याच्या डोळ्यांवर काळी मखमली पट्टी होती. समोर ठेवलेल्या पितळी चकतीवर त्याने हात फिरवला, मान थोडी मागे टाकली आणि म्हणाला, "मंगळ."

शाळेत 'ग्रहजागृती'चे वर्ग घेणाऱ्या ग्रहगुरूंनी चकती उचलून लोकांना दाखवली. तिच्यावर कोरलेलं होतं : मंगळ. टाळ्यांनी छत दणाणलं. मुलाच्या आईने पदराने डोळे टिपले.

"विज्ञान म्हणतं, मंगळ कोट्यवधी मैल लांब आहे," ग्रहगुरू गालाला चिकटवलेल्या माइकमधून मधाळ आवाजात बोलू लागले. "असेल बापडा. पण मायबापहो, स्पंदनांना अंतर नसतं. हा धातू आकाशातून पडलेला आहे. प्रत्येक चकतीत एकेका ग्रहाचे किरण साठवलेत. तुमच्या मुलाच्या कपाळामागे एक दार आहे. शाळा ते बंद करते. मी उघडतो."

शाळेच्याच सभागृहात उभं राहून हा माणूस शाळेला नावं ठेवत होता आणि पहिल्या रांगेत बसलेले हेडसर मान डोलावत होते.

मागच्या दारापाशी विज्ञानाच्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. ग्रहांचा तास खरं तर त्यांचा. मधोमध दिवा लावायचा, रंगवलेले चेंडू हातात देऊन मुलांना त्याच्याभोवती फिरवायचं, बुधाने पळायचं, नेपच्यूनने रेंगाळायचं, आणि पृथ्वी झालेल्या पोराला घेरी आली की सगळ्यांनी हसायचं. हेडसरांनी तो तास 'ग्रहजागृती'ला देऊन टाकला होता आणि चेंडू कपाटावर धूळ खात पडले होते. बाईंना त्याचा राग होताच. पण आज त्यांचं डोकं फिरलं होतं ते भिंगरीमुळे.

भिंगरी त्यांच्या दादाची मुलगी. तिला जाड भिंगांचा चष्मा होता, त्याच्याशिवाय तिला समोरच्या माणसाचे नाकडोळेही धड दिसत नसत. ग्रहगुरूंनी फर्मान काढलं, "चष्मा म्हणजे कुबडी. कुबडी टाकल्याशिवाय आतला डोळा जागा व्हायचा नाही." वहिनीने चष्मा कपाटात कुलूपबंद केला. पोरगी जिन्यावरून गडगडली, हनुवटीला टाके पडले, तरी कुलूप निघालं नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांचं दार उघडलं, हिचं मात्र उघडेना. तेव्हा सोमवारपासून भिंगरीला ग्रहगुरूंच्या निवासी शिबिरात धाडायचं ठरलं होतं. ती परत कधी यायची, ते म्हणे तिच्या शनीवर अवलंबून.

आदल्या संध्याकाळी ती आत्याकडे आली होती, भिंतीला हात लावत लावत.

"आत्या, मी ढ आहे का गं?"

"कोण म्हणतं?"

"सगळ्यांना ग्रह ओळखता येतात. माझं दार अर्धंच उघडलंय. मला पुसट दिसतं."

बाईंनी हातातली वही खाली ठेवली. "पुसट दिसतं? पट्टी बांधल्यावर?"

"हो. नाकापाशी खालून उजेड येतो ना, तिथून. गुरू म्हणाले, जिथून उजेड येईल तेच दार. पण कुणाला सांगायचं नाही, नाहीतर ते बंद होतं." मग तिला एकदम आठवलं आणि ती रडायला लागली. "आता मी सांगितलं. आता ते बंद होणार."

बाईंनी तिला जवळ घेतलं. त्या नुसत्या चिडल्या नव्हत्या, त्यांना शिसारी आली होती. सगळीच मुलं काही लबाड नव्हती. नाक आणि गाल यांच्यामधल्या फटीतून दिसणाऱ्या उजेडाला त्या माणसाने देवदुर्लभ शक्तीचं नाव दिलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच पोरांनी ते खरं मानलं होतं.

आता व्यासपीठावर भिंगरीचीच पाळी होती. गुरूंनी स्वतः तिला पट्टी बांधली आणि पुढ्यात चकती ठेवली. पोरगी मान मागे टाकून धडपडली, चकती उचलून डोळ्यांजवळ न्यायला लागली, तोच गुरूंनी तिचा हात खाली दाबला.

"बाळ, ग्रह छातीच्या वर उचलायचा नाही. त्याचा अपमान होतो."

"बुध?" भिंगरी चाचरत म्हणाली.

चकती शुक्राची निघाली. सभागृहात चुकचुकाट झाला. "पाहिलंत? शनीने हिच्या डोळ्यांवर ठाण मांडलंय," गुरू कळवळून म्हणाले. "अशाच मुलांसाठी शिबिर आहे."

बाई तरातरा पुढे निघाल्या. दादाने वाटेतच त्यांचा दंड धरला. "तू मध्ये पडू नकोस. चारचौघांत शोभा करू नकोस आमची."

"शोभा तिची चाललीय, दादा," म्हणत त्यांनी हात सोडवला आणि व्यासपीठ गाठलं. पर्समधून त्यांनी एक चष्मा काढला. भिंगरीचा गेल्या वर्षीचा, एक काडी दोऱ्याने बांधलेला, आत्याच्या घरी अभ्यासापुरता राहिलेला.

"गुरुजी, हा घालून वरून पट्टी बांधा. तुम्हीच बांधा, आणि मघासारखीच बांधा."

गुरूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. "चष्म्याने किरण अडतात, बाई."

"म्हणजे तिला ओळखता येणार नाही. आताही येत नाहीये. मग बिघडलं काय?"

"बाईंना हाकला खाली," कुणीतरी ओरडलं. "पोरांचं चांगलं बघवत नाही यांना." पण खिडकीत बसलेल्या एका गॅरेजवाल्याने आवाज चढवला, "अहो, घालू द्या की. डोळे तर बांधलेलेच आहेत. चष्म्याला घाबरायचं कारण काय?" ते लोकांना पटलं. गुरूंनी पट्टी बांधली, जरा जास्तच आवळून. पण आत चष्मा असल्यावर पट्टी गालाला टेकते कुठे?

भिंगरीने मान मागे टाकली. पुढ्यात ठेवलेल्या नव्या चकतीवर हात फिरवायलाही ती विसरली.

"मंगळ," ती म्हणाली. दुसरी चकती आली. "गुरू." तिसरी आली. "शनी."

तिन्ही बरोबर निघाल्या. सगळ्यात आधी ग्रहगुरूच सावरले. "चमत्कार!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "शनी उठला!"

"थांबा," भिंगरी म्हणाली. तिने शनीची चकती उलटी केली होती. "मागे पण लिहिलंय. बारीक आहे." आणि वर्गात धडा वाचावा तसं तिने वाचलं, "मेडल, ट्रॉफी व दारावरच्या पाट्या बनवून मिळतील. बसस्टँडसमोर."

आधी गॅरेजवाला हसला. मग आकाशातून पडलेल्या धातूवर अख्खं सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मघाच्या मंगळवाल्या मुलाला बोलावलं, पट्टी बांधली आणि चकती त्याच्या कपाळासमोर धरली. "ओळख."

पोराने मान आणखी मागे टाकली. मग हळूच म्हणाला, "खाली धरा ना, बाई. वरचं दिसत नाही."

हशा तिथेच विरला. त्याच्या आईने पुन्हा पदर डोळ्यांना लावला, पण या वेळी त्याच्याआड तोंड लपवलं.

"कळलं?" बाई लोकांकडे वळल्या. "नाकाजवळ फट राहते. त्या फटीतून खालचं दिसतं, म्हणून ग्रहांचा मान छातीच्या खाली. ज्याची नजर चांगली तो हुशार, जिची अधू ती शापित. आतल्या डोळ्यालाही चष्मा लागतो, एवढं दिसल्यावर तरी विचारा स्वतःला, की बघत कोण होतं? इथे एवढी शिकलेली माणसं बसली आहेत. एकानेही घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांना फडकं बांधून पाहिलं नाही. भक्ती करा, नाही कोण म्हणतं? पण पोरांचे डोळे गहाण टाकण्याआधी एकदा तपासून तरी बघा."

गुरूंचा माइक बंद पडला होता, की त्यांनीच बंद केला होता, कोण जाणे. ते चकत्या गोळा करू लागले तेव्हा पालकांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं, आणि ते हार घालायला नव्हतं. हेडसर मात्र अचानक फोनवर महत्त्वाचं बोलायला बाहेर गेले.

दादा व्यासपीठापाशी आला. भिंगरीच्या हनुवटीवरच्या टाक्यांकडे तो बघत राहिला. अखेर तो वहिनीला एवढंच म्हणाला, "घरी जाऊन आधी ते कपाट उघड."

भिंगरीने पट्टी डोक्यावर सरकवली होती आणि जुन्या चष्म्यातून ती सभागृहभर बघत होती.

"आत्या, मग शनी माझ्या डोळ्यांवर कधी बसलाच नव्हता?"

"शनी तिकडे लांब सूर्याभोवती फिरतोय, बाळा. त्याला तू माहीतही नाहीस."

भिंगरीने थोडा विचार केला. "पण मला तो माहीत आहे," ती म्हणाली. "सोमवारी चेंडू खाली काढशील? मला शनी व्हायचंय."