याकोबशेजारची जागा

ईट गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत याकोब थोरातच्या कबरीला लागून एकच जागा उरली होती. डाव्या अंगाला त्याची आई झोपलेली. उजव्या अंगाला साडेतीन हात मोकळी जमीन, आणि ती संपली की कुंपणाची भिंत. या साडेतीन हातांवर दोघींचा डोळा होता. एक याकोबची बायको सगुणाबाई, वय शहात्तर. दुसरी त्याची थोरली बहीण एस्तेर, वय ऐंशी, जन्मभर धाराशिवला नर्स म्हणून नोकरी करून गावी परतलेली.

सगुणाबाईचं म्हणणं अगदी सरळ होतं. शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार, कबरी उघडणार, याकोब उठून बसणार, डोळे चोळणार आणि उजवीकडं बघणार. उजवीकडंच, कारण डाव्या कानानं त्याला ऐकू यायचं नाही म्हणून बोलणारा उजव्या अंगालाच बसायचा, आणि जन्मभर त्याची मान तिकडंच वळलेली. तर मग त्याला पहिलं तोंड कुणाचं दिसावं? बावन्न वर्षं गरम भाकरी वाढणाऱ्या बाईचं, का दर नाताळला येऊन "माझा भाऊ किती वाळला गं" म्हणणाऱ्या बहिणीचं?

एस्तेरचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. आई एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला, मधे भाऊ. लहानपणी एका घोंगड्यात असेच झोपायचे ते.

दोघींचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती, याकोब गेला त्या दिवसापासून. मरताना तो फक्त "अ" एवढंच म्हणाला होता. सगुणाबाईला खात्री होती की तो "अगं" म्हणणार होता. जन्मात त्यानं तिला दुसरी हाक मारलीच नव्हती. एस्तेरला खात्री होती की तो "अक्का" म्हणत होता. खाटेच्या दोन्ही अंगाला उभ्या राहून दोघींनी त्यावरनं असा वाद घातला, की याकोब गेलाय हे आधी शेजारच्या अन्वरीच्याच ध्यानात आलं.

दोघींची घरं समोरासमोर, मधे सहा पावलांची बोळ. अन्वरी बोळीच्या तोंडाशी मशीन टाकून कपडे शिवायची, आणि दोघींचे निरोप तिच्यामार्फत चालायचे. म्हणजे दोघी आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून एकमेकींना ऐकू जाईल अशा आवाजात अन्वरीला सांगायच्या.

"अन्वरी, सांग त्यांना, त्यांची शेळी माझ्या कोथिंबिरीत शिरली."

"ऐकलं त्यांनी," अन्वरी मान वर न करता म्हणायची.

या जानेवारीत सगुणाबाईनं एक डाव टाकला. बंडप्पा पाथरवटाकडून तिनं स्वतःच्या नावाची शिळा करून घेतली. 'सगुणा याकोब थोरात', खाली जन्माचं साल, मग एक छोटी रेघ, आणि रेघेपुढं मोकळी जागा. बैलगाडीतनं शिळा नेऊन तिनं ती त्या साडेतीन हातांत उभी करवली आणि झेंडूचा हार घालून घरी आली. त्या रात्री ती इतकी निवांत झोपली, की सकाळी प्रार्थनेची वेळ चुकली.

रविवारी चर्चमध्ये एस्तेरनं भर उपासनेत हात वर केला.

"पाळकसाहेब, जित्या माणसाची कबर बांधायची परवानगी आपल्या मंडळीत कधीपासून सुरू झाली?"

पाळक शिवानंद भूमहून मोटारसायकलवर यायचा. वय एकतीस, लग्न नुकतंच झालेलं, माणूस भला. पण दोन म्हाताऱ्यांच्या मधे सापडल्यावर भलेपणाचा काय उपयोग? त्यानं घाम पुसला, खिडकीबाहेर बघितलं आणि जी तोडगा म्हणून सुचली ती गोष्ट बोलून बसला.

"हे बघा, मंडळीत कुणालाच जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी प्रभूकडं जाईल, त्याला ती जागा मिळेल."

सगुणाबाईनं एस्तेरकडं बघितलं. एस्तेरनं सगुणाबाईकडं बघितलं. चार वर्षांत दोघींची नजर पहिल्यांदाच भिडली होती.

दुसऱ्या दिवशी एस्तेरचं दार उघडलं नाही. दुपारी अन्वरीनं बातमी आणली. "अंथरुणाला खिळलीय. भाकरीला शिवत न्हाय. पाणी तेवढं पिते."

सगुणाबाई मनाशी हिशेब करू लागली. ही बाई नर्स. जन्मभर माणसं मरताना बघितलेली. हिला तर मरायचं कसं हे पाठच असणार! आपण शिळा उभी करून बसलो, आणि ही सरळ शर्यतीतच उतरली. चार वर्षं मोठी, त्यात दमा. जिंकणारच की!

सगुणाबाईनं चुलीवर ज्वारीची आंबील ठेवली, वर ताक, लसणाची फोडणी.

"अन्वरी, ही देऊन ये. कुणी दिली ते सांगू नको."

पाच मिनिटांत वाटी परत आली. "वास घेतला आणि म्हणाली, ही सगुणाची फोडणी हाय, घेऊन जा."

मग सगुणाबाई स्वतःच निघाली. बोळीतली सहा पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. दार ढकललं तर एस्तेर भिंतीकडं तोंड करून पडलेली. उशाला पवित्र शास्त्र, शास्त्रावर चष्मा, आणि अंगावर धुवून इस्त्री केलेलं पांढरं लुगडं.

"वन्सं, हे लुगडं कशाला नेसला?"

"तयारीत असलेलं बरं." एस्तेर भिंतीला म्हणाली.

"दोन घास खा."

"तू कामून आलीस? माझा कळवळा आला व्हय?"

सगुणाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. निदान आपल्या मंडळीतल्या माणसाशी तरी नव्हती. ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "न्हाय. तुमी आधी गेलात तर जागा तुमची हुईल. म्हणून आले. उठा, आंबील प्या."

एस्तेर हळूच वळली. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेचना. सगुणाबाईनं पाठीवर हात ठेवला तर अंग तव्यासारखं भाजत होतं. म्हणजे सुरुवात रुसव्यानं झाली असली, तरी ताप खरा होता.

पुढच्या तासाभरात सगुणाबाईनं सगळी बोळ हलवली. अन्वरीच्या भावाची, बशीरची जीप आली. भूमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, "न्यूमोनिया आहे. वय बघता काही सांगता येत नाही."

"सांगू नका," सगुणाबाई म्हणाली, "नुसतं बरं करा."

आठ दिवस ती दवाखान्यात खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायची, तीही मोठ्यानं, कारण देवालाही याकोबसारखं एका कानानं कमी ऐकू येत असेल तर पंचाईत नको.

"प्रभू, वन्संला जगव. लई मागत न्हाय. माझ्यापेक्षा एक दिवस जास्त दे. बास, एकच दिवस."

पाचव्या सकाळी खाटेवरनं बारीक आवाज आला. "निदान आठवडा तरी माग गं. तुझी मौत झाली की पाहुण्यांचा स्वैपाक कोण करणार, एका दिवसात हुतंय व्हय?"

सगुणाबाई आधी हसली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिला रडू आलं. ती खाटेच्या दांड्याला डोकं टेकून रडत राहिली, आणि एस्तेरनं सलाईन नसलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

घरी आल्यावर मात्र खेळ उलटला. एस्तेर हिंडूफिरू लागली तशी तिनं सगुणाबाईचं ब्लडप्रेशर मोजलं, आणि यंत्राकडं बघून तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बया! तू तर माझ्याही आधी जाशील. चालायची न्हाय ही लबाडी."

त्या दिवसापासून सगुणाबाईच्या जेवणातनं मीठ गेलं. लोणच्याची बरणी एस्तेरच्या कपाटात कुलूपबंद झाली. सकाळी साडेसहाला एस्तेर काठीनं दार वाजवायची आणि तिला बसस्टँडपर्यंत चालवत न्यायची. सगुणाबाई बदला म्हणून तिला भर मार्चात स्वेटर घालायला लावायची. गावकरी बघत राहायचे. कालपर्यंत एकमेकींची सावली न घेणाऱ्या या दोघी आता एकमेकींना गोळ्या घेतल्या का विचारतात! अन्वरीची तर निरोप्याची नोकरीच गेली.

"एकमेकींना जगवायलो आमी," सगुणाबाईनं तिला समजावलं. "जी मरंल ती जिंकंल."

"या अल्ला," अन्वरी म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवत हसत सुटली.

पाळक शिवानंदला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी त्यानं वैऱ्यावर माया करण्याविषयी उपदेश केला आणि उदाहरण म्हणून दोघींची नावं घेतली. तेव्हा पहिल्या बाकावर दोन पांढरे पदर तोंडात कोंबले गेले आणि बाक हलू लागला. त्यांना भरून आलं असं त्याला वाटलं. त्यालाही भरून आलं.

मग ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात लाजरस गेला. हा चर्चच्या ओट्यावर राहायचा, आवार झाडायचा, आणि उपासनेत ढोलकी वाजवायचा. त्याची ढोलकी गाण्याबरोबर कधीच चालली नाही. गाणं संपल्यावरही ती थोडा वेळ वाजत राहायची. त्याला मागंपुढं कुणी नव्हतं. सकाळी झाडू हातात धरून बसला तो तसाच बसून राहिला.

एस्तेरनं त्याला आंघोळ घातली, सगुणाबाईनं याकोबचा जपून ठेवलेला सदरा आणला. पाळकानं खालच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला सांगितलं. बाहेर उभ्या माणसांपैकी कुणीतरी म्हणालं, "तिथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतं." पाळक म्हणाला, "दुसरी जागाच कुठं आहे?"

सगुणाबाईनं ते ऐकलं. लाजरसच्या पायांकडं तिचं लक्ष होतं. टाचांना भेगा, जन्मभर अनवाणी. हा माणूस कायम कुठल्यातरी ओट्याच्या कडेला, पावसाचे शिंतोडे येतील तिथं झोपत आला, आणि आता मेल्यावरही पाण्यात? तिच्या मनात एक गोष्ट आली. ती तिनं झटकली. ती परत आली. प्रभूचा हा स्वभावच होता, सगुणाबाईला तो चांगला माहीत होता. एकदा मागं लागला की सोडायचा नाही.

"पाळकसाहेब," तिनं तोंड उघडलं.

"याकोबशेजारी घ्या," एस्तेर तिच्या आधी बोलली.

सगुणाबाई गर्रकन वळली. "म्या म्हणणार हुते!"

"म्हणणार हुतीस. म्हणाली न्हाईस."

"वन्सं, तोंड उघडलं हुतं म्या. ह्या सगळ्यांनी बघितलंय."

मयताच्या उशाशी परत वाद पेटणार असं दिसल्यावर पाळकानं घाईघाईनं सांगितलं की दोघींच्या संमतीनं असं लिहून घेऊ. खड्डा भिंतीजवळ घेतला. प्रश्न शिळेचा आला. बंडप्पा म्हणाला, "मागली बाजू कोरी हाय. उलटी करून त्यावर लाजरसचं नाव घालतो. पण बाई, तुमचं नाव मागं राहील."

"राहू दे मागं. मला काय घाई हाय आता?"

माती टाकताना सगुणाबाईच्या डोळ्यापुढं तो शेवटचा दिवस आला. याकोब उठून बसतोय, डोळे चोळतोय, उजवीकडं मान वळवतोय, आणि शेजारी लाजरस, गळ्यात ढोलकी. याकोब उपासनेत पेटी वाजवायचा आणि लाजरसच्या ठेक्यानं त्याचा जीव नकोसा व्हायचा. काय तोंड होईल त्याचं! ती एस्तेरच्या कानाशी लागली आणि तिनं ते सांगितलं. एस्तेरनं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलत राहिले. मागं उभी असलेली माणसं हळहळली, "बिचाऱ्या किती रडायल्यात."

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमली. कबरींना चुना दिला होता, प्रत्येकीवर झेंडू. पूर्वेला उजाडलं तसं गाणं सुरू झालं, या वेळी ढोलकीविना, आणि सगळ्यांनाच ते जरा उणं वाटलं. सगुणाबाईला मात्र फार हलकं वाटत होतं. चार वर्षं ती इथं आली की त्या साडेतीन हातांकडंच बघायची. आज तिनं पहिल्यांदा सगळीकडं बघितलं. शेजारच्या बंडप्पाच्या शेतात ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंज्या उभ्या होत्या, आणि मंडळीतली बारकी पोरं कबरींमधनं पळापळी खेळत होती.

"वन्सं, आता आपल्याला उरला तो खालचा कोपराच."

"दोघी मावतो."

"पाणी साठतंय न्हवं?"

एस्तेरनं काठीनं जमीन टोकरून बघितली. "चार ट्रॉली मुरूम टाकला तर हुईल की. आपल्यासाठी न्हाय गं. ही पोरं म्हातारी हुतील तवा ह्यांना कोरडी जागा नको का?"

सोमवारी दोघी ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. एकीच्या अंगात स्वेटर, दुसरीच्या हातात मुरमाचा अर्ज. सरपंच दिग्विजयनं अर्ज वाचला, डोकं खाजवलं.

"आजी, यंदाचं सगळं मंजूर होऊन गेलंय. पुढल्या वर्षी बघू."

"चालंल," एस्तेर म्हणाली. "पुढल्या वर्षी कुठल्या महिन्यात?"

सरपंचानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. अशा अर्जदारांना पुढचं वर्ष सांगितलं की ते परत येत नाहीत, असा त्याचा अनुभव होता.

"एप्रिलात या," तो म्हणाला.

"लिहून दे, बाळा."

त्यानं लिहून दिलं. सगुणाबाईनं कागदाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधली. बाहेर उन्हाचा तडाखा लागला होता. एस्तेरनं स्वेटर काढून तिच्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरायला लागली.

"आता वर्षभर मरायचं न्हाय, बरं का सगुणा."

"मंग काय! चार ट्रॉल्या मोजून कोण घेणार?"