मागे वळणारा वर्ग

सुलाला चौथीत घ्यायला मी मुख्याध्यापक या नात्याने लेखी हरकत घेतली होती. लेखी असल्यामुळे ती कोणी वाचली नाही. पाचव्या वर्षी तापात मुलीचे कान गेलेले. अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते, हे मी तिच्या आईला, पुतळाबाईंना, नीट समजावलं.

"कुठं हाय ती?"

"लांब आहे. पण वसतिगृह आहे."

"सर, कान गेलेत तिचे. आई लागत नाय असं थोडंच हाय?"

यावर माझ्याकडे परिपत्रक नव्हतं. शेवटी ठरलं, तपासणीत शुद्धलेखन जमलं तर सुला इथे राहील, नाहीतर जाईल.

वर्गशिक्षिका लताबाईंनी त्या दिवसापासून फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं. सुला त्यांच्या ओठांवरून वाक्य उचलायची.

तपासणीला आलेल्या साहेबांना ओठ असावेत, पण मिशांमुळे खात्री देता येत नव्हती. शुद्धलेखन ते स्वतःच घालू लागले, तेही फेऱ्या मारत.

"शेतकरी पहाटे मळ्यात जातो."

मागच्या रांगेतल्या सुलाची पाटी कोरी. लताबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. तेवढ्यात अख्खा वर्ग मागे वळला आणि चाळीस तोंडांनी, आवाज न करता, तेच वाक्य सुलाला सांगितलं. ती लिहू लागली.

"कॉपी!" साहेब गरजले.

"कॉपी कशी, साहेब?" पुढच्या पट्टीवरचा भिकन म्हणाला. "तुमचंच सांगतोय. आमचं रोजचंच आहे हे. तुमच्या मिशा आड येतात तिला."

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

साहेब सुलासमोर उकिडवे बसले. दोन बोटांनी मिशा वर धरल्या आणि पुढचं वाक्य सावकाश म्हणाले. तिने लिहिलं. मग आणखी तीन. एक वेलांटी चुकली, ती त्यांनी स्वतः पुसून दुरुस्त केली.

शेरा असा पडला: 'वर्गात शिस्त कमी. मुलगी याच शाळेत ठेवावी.'

साहेब गेल्यावर मी शेरा वहीत उतरवत पुटपुटलो, "राहा बाई इथेच."

सुला उभीच राहिली.

"सर," भिकन म्हणाला, "तिच्याकडे बघून सांगा ना."

मी वही मिटली, चष्मा काढला आणि तिच्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं.