तीस आणि एकतीसच्या मध्ये

१

"फोटो हाये न, चाचा? लग्नात काढला होता तुमी. मी बाजूलेच उभी होती. लाईट चमकला."

"हो," गुलाम रसूल म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

रुखमाबाई स्टुडिओच्या बाकावर बसली. "उद्या तेरवी हाये त्याईची. हार कशाले घालू?"

"घरी दुसरा एखादा असन."

"मतदानाचं कार्ड होतं. खिशातच ठेवत जाय. फवाऱ्याच्या औषिदानं भिजलं. चेहरा खाल्ला त्यानं."

तिचा नवरा दयाराम लोकांच्या कपाशीवर फवारणी करायचा. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बीबी गावात जो तो सांगत होता, आता फवारे कमी लागतील. दयाराम घाबरला होता, आपली मजुरी जाते की काय म्हणून. मजुरी गेली नाही. भादव्यात पाठीवरचा पंप गळला, संध्याकाळी उलट्या झाल्या, तिसऱ्या दिवशी तो गेला.

"रंगीत पायजे तं मेहकरले निगेटिव्ह पाठवा लागते. चार दिवस. मी इथंच बनवतो, काळा-पांढरा. तुमी दुपारी या."

"बसते इथंच. घरी पावने हायेत. नवीन कोनी आलं का पुन्हा रडा लागते."

७

लग्न शालूबाईंच्या मुलीचं होतं, मे महिन्यात. दयाराम त्यांच्याच शेतात कामाला असायचा. गुलाम रसूलनं पाकिटातून निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि आतल्या खोलीच्या खिडकीशी धरल्या. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. केस पांढरे, दात काळे. नवरी चांगली वीस वर्षांची, पण इथं म्हातारी दिसते.

सातमध्ये हळद. दयाराम नाही.

१२

पाण्याचा ड्रम उचललेला माणूस. दयारामच. पण तोंड ड्रमच्या मागे.

१९

पंगत. वाढणाऱ्याची पाठ. पाठीला हार कोण घालतं?

२२, २३, २४, २५

नाही.

चांदबी चहा घेऊन आत आली. नवऱ्याच्या हातातल्या पट्ट्या पाहिल्या आणि कप खाली ठेवला.

"क्या हुआ?"

"दयाराम का फोटू ढूंड रहा हूं."

"उसकी औरत तो बोल रही, तुमने निकाला."

त्यानं पट्टी पुन्हा खिडकीशी धरली.

"या अल्ला! खाली लाईट मारी थी?" तिनं डोक्याला हात लावला. "कित्ती बार बोली, गरीब लोगां को नक्को फसाओ. अब जाके बोलो उसकू."

"धीरे बोल. बाहर बैठी है."

तीस आणि एकतीसच्या मध्ये

इथं फोटो नाही. जे घडलं ते असं:

रोलमध्ये सहा उरले होते. बिदाई व्हायची होती. दयाराम नवा शर्ट घालून समोर आला. "चाचा, माह्या बी एक काढा न. कार्डावरला सोडून जिंदगीत नाई काढला." फोटोवाल्यांना यावर एक युक्ती ठाऊक असते. कॅमेरा डोळ्याला लावायचा, पण त्याचं बटन दाबायचं नाही. फ्लॅशच्या मागचं लाल बटन दाबायचं. उजेड पडतो, माणूस खूश होतो, रोल वाचतो. उस्तादानं हेच पहिल्यांदा शिकवलं होतं, फोकस नंतर.

गुलाम रसूलनं लाल बटन दाबलं. तेवढ्यात शालूबाईंनी हाक मारली, "फोटोवाले, इकडं या! नवरदेव घास भरवून राह्यला!"

तो तसाच वळला.

३१

नवरदेव नवरीला घास भरवतो आहे. मागे मांडवाचा खांब. खांबाजवळ कोणीतरी.

त्यानं भिंग लावलं. तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा. दोन्ही हात मांडीला चिकटलेले, मान ताठ, नजर थेट कॅमेऱ्याकडे. मांडवात सगळे हलताहेत, हा एकटाच हलत नाही.

गुलाम रसूलला आधी कळलं नाही. मग कळलं. फोटो काढल्यावर तो प्रत्येकाला म्हणायचा, "झालं." त्याशिवाय गावातलं माणूस श्वास सोडत नाही. त्या दिवशी तो म्हणालाच नव्हता.

कागद

जुन्या डब्यात फोटोचे तीनच कागद उरले होते, मुदत कधीच संपलेले. त्यानं दार लावलं, लाल बल्ब लावला, चेहरा मोठा व्हावा म्हणून एन्लार्जर वर वर चढवत नेला. इतका वर त्यानं कधीच नेला नव्हता.

पहिला कागद काळा पडला.

दुसऱ्यावर धुकं आलं. बाहेरून बाकाची कुरकुर ऐकू आली. उठली की काय?

तिसरा. ट्रेमध्ये आधी काहीच नाही. मग दाणे. ज्वारी सांडावी तसे करडे, काळे, सुटे दाणे. त्यांतून कान आला. कॉलर आली. शेवटी डोळे आले.

बाकावर रुखमाबाईनं ओला फोटो दोन्ही हातांनी धरला. जवळ नेला, लांब नेला.

"वाळूवानी दिसून राह्यलं." मग, "हाव. त्याईच हायेत. अशेच उभे राहत जाय, तलाठ्यापुढं बी." बोट कडेला थांबलं. "पन मी कुठं हाये? मी तं बाजूलेच होती."

"बाई, तो फोटो नाईच. तवा मी नुसता लाईट मारला होता. रोल वाचवाले."

"मंग हा?"

"हा मागून आला. दुसऱ्याच्या फोटोत. दयाराम उभाच होता. मी 'झालं' म्हनलो नवतो."

ती भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत राहिली, त्यावरच्या ताजमहालाकडे. गुलाम रसूलला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माह्या एक काढा," ती म्हणाली. "लागन कधी तरी."

नवा रोल, १

पदर सारखा करून ती पडद्यापुढे उभी राहिली. हात मांडीला चिकटलेले. गुलाम रसूलनं कॅमेरा डोळ्याला लावला. बटन दाबलं. कॅमेऱ्याचं.

"झालं," तो मोठ्यानं म्हणाला.

ती हलली नाही.

"खरंच?"

तो पुढे गेला. कॅमेरा तिच्यासमोर धरून वरची, काढलेले फोटो मोजणारी बारकी खिडकी दाखवली. अंगठ्यानं खटका ओढला. खिडकीतला काटा एक घर पुढे सरकला.

तिनं वाकून पाहिलं. मगच हात सैल सोडले.