अस्थींशी बोलायचं नाही

पोल्ताकने कुदळ बाजूला ठेवली आणि उरलेली माती हातांनी उकरायला सुरुवात केली. खड्ड्याच्या काठावर त्याची बहीण रोतुआ बसली होती. मांडीवर पांढरं फडकं, शेजारी परातीत हळद आणि लिंबाचं पाणी. तिच्या सासऱ्यांच्या अस्थी सकाळीच निघाल्या होत्या. आता सोंदांगच्या निघत होत्या. सोंदांग तिची थोरली मुलगी, लग्नाच्या वयात तापाने गेलेली.

रोतुआचा नवरा हारापान समोरच्या काठावर उभा होता, पण बाप म्हणून नव्हे. काळा कोट घालून, गीतांचं पुस्तक काखेत धरून, चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, म्हणून. तळ्याकाठच्या आमच्या गावांत पूर्वजांच्या अस्थी काढून, धुऊन, घराण्याच्या थडग्यात ठेवतात. मंडळीने ही रीत चालू दिली, पण वडिलांच्या पहाऱ्यात. अस्थींपुढे विडा ठेवायचा नाही, त्यांच्याकडे काही मागायचं नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. आज बोलतील, उद्या नवस करतील. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आमचे पाद्री, पाळकसाहेब, म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. जो बोलेल त्याचं नाव रविवारी सगळ्यांसमोर वाचतात, त्याचं प्रभुभोजन बंद होतं, आणि तेवढ्यात तो मेला तर चर्चची घंटासुद्धा वाजत नाही.

हारापान हा पहारा डोळ्यांत तेल घालून देत आला होता. गावातली टवाळ पोरं त्याला मागून 'कुलूप' म्हणत. सोंदांगला पुरताना रोतुआने जुन्या वळणाने हेल काढून रडत मुलीला हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा त्याने लगेच गीत सुरू केलं होतं. वडिलाच्याच घरात असं झालं, तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगायचं? रोतुआने तोंड मिटलं. थोरल्या लेकराच्या नावाने आईला हाक मारायची आमच्याकडे पद्धत, त्यामुळे सारं गाव तिला सोंदांगची आई म्हणे. ती स्वतः मात्र ते नाव पुन्हा कधी घेईना. सुरुवातीला हारापानला तिचा धीर बघून बरं वाटलं. पुढे पुढे त्या गप्प घरात पाऊल टाकायची त्याला भीती वाटू लागली.

पोल्ताकने कवटी वर दिली. रोतुआने ती दोन्ही हातांत घेतली, परातीत धरली आणि अंगठ्याने कपाळावरची माती हळूहळू काढू लागली. थोड्या वेळाने ती खाली वाकली. तिचे ओठ हलले.

हारापानच्या शेजारी मंडळीचे दुसरे वडील जाबांगुन उभे होते. त्यांनी मान पुढे काढली.

"सोंदांगची आई काहीतरी पुटपुटतेय वाटतं."

हारापानला ते दिसलं होतं. त्याने पुस्तक उघडलं.

"गीत म्हणू या," तो म्हणाला, आणि कुणाची वाट न पाहता त्याने वरच्या पट्टीत सुरुवात केली. हाताने सगळ्यांना मोठ्याने, मोठ्याने अशी खूण केली. मग तो चालत या काठाला आला आणि जाबांगुन आणि रोतुआ यांच्या मधोमध, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. बोल, बोलून घे, असं तो मनात म्हणत होता. सगळी कडवी संपली. त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली, पण वडीलच गातायत म्हटल्यावर गप्प कोण बसणार? शेवटी त्याचा आवाज फाटला, तेव्हाच तो थांबला. मागे वळून पाहिलं तर कवटी कापडात गुंडाळून झाली होती.

दुपारी थडग्याचं तोंड विटांनी बंद करून वर सिमेंट फिरवलं. डुकराचं मटण आणि भात खाऊन लोक पांगले. जाता जाता जाबांगुन म्हणाले, की त्या गाण्यापुढे मला बाबा काहीच ऐकू आलं नाही, पाळकांनी विचारलं तर तसंच सांगेन. हारापानच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. किती तरी वर्षांनी बायकोसाठी आपण काहीतरी केलं, असं त्याला वाटत होतं.

ऊन उतरल्यावर दोघं टेकडी उतरू लागली. पुढे ती, काखेत रिकामी परात.

"बोललीस ना तिच्याशी?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"ओठ हलताना बघितले मी."

"सुरुवात करत होते. तुम्ही गाणं धरलंत." ती चालतच होती. "मग राहू दिलं. तेव्हाही असंच धरलं होतंत."

 बसलेल्या घशाने त्याने विचारलं,

"काय बोलायचं होतं?"

"काही नाही." रोतुआने परात दुसऱ्या काखेत घेतली. "त्या दिवशी मी का रडले नाही, तेवढं तिला सांगायचं होतं."

हारापान थांबला. त्याने वळून वर पाहिलं. थडग्याचं सिमेंट अजून ओलं होतं, लांबूनही काळपट दिसत होतं. रोतुआ वळणापर्यंत पोचली होती. पुस्तक काखेत घट्ट धरून तो तिच्यामागून उतरू लागला.