ऋणनिर्देशाचं पान

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. नागपुरात, महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत, लोखंडी टेबलावर बसून असतो. माझा डबा एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, पडदा कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला. माणूस असा उसन्या अवयवांचा असता, तर लोकांनी नावं ठेवली असती. मला दुकानदाराने 'असेंबल्ड' म्हटलं आणि धम्मानंदांच्या घरी थाटात पाठवलं.

धम्मानंद कळमेश्वरला कारखान्यात होते. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. घरी बसल्यावर त्यांना एकच नाद उरला: एका परदेशी कंपनीचा, खाणीतून उड्या मारणाऱ्या पिवळ्या टोपीवाल्याचा खेळ. पण त्याला दोन्ही हात लागत. टोपीवाला पहिल्याच खड्ड्यात पडे. "याचंही माझ्यासारखंच आहे वं," ते लेकीला म्हणत.

लेक दीक्षा डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवते. तिने माझ्यासमोर दोन वर्षं बसून तोच खेळ नव्याने लिहिला, एका हाताने, नुसत्या स्पेसबारवर चालणारा. प्रोग्रामची ओळन् ओळ तिची. टोपी, खाण आणि उडीचा आवाज मात्र जसाच्या तसा कंपनीचा. ते मी झाकत नाही. खेळ तिने इंटरनेटवर फुकट ठेवला. हात मोडलेल्यांचे, लकवा झालेल्यांचे निरोप येऊ लागले. त्या दिवसांत माझा पडदा रोज पुसला जाई.

शाळेत प्रकल्पवहीच्या शेवटी ऋणनिर्देश लिहिला की गुण मिळत. ती सवय दीक्षाची सुटली नव्हती. खेळाच्या सुरुवातीलाच तिने एक पान लावलं: 'मूळ खेळ, चित्रं आणि आवाज या कंपनीचे. मनःपूर्वक आभार.' खाली कंपनीचं पूर्ण नाव.

तिचा मित्र अश्विन पेन ड्राइव्हवर खेळ न्यायला आला, ते पान पाहून हसला.

"हे काहून लिहून राहिली? चोर कधी चिठ्ठी ठेवून जाते का?"

"मी चोर नाही, म्हणून तर लिहून राहिली."

कंपनीची माणसं इंटरनेटवर आपलंच नाव शोधत फिरतात. ते त्यांना दीक्षाच्या आभारांत सापडलं. नोटीस आली: आमची मालकी तुम्ही स्वतः कबूल केली आहे, सात दिवसांत खेळ काढा, सगळ्या प्रती पुसा, तसं लिहून द्या. दीक्षाने कळवलं, चित्रं बदलते, आवाज बदलते, एका हाताची सोय तेवढी राहू द्या. उत्तरात तीच नोटीस पुन्हा आली.

"एक प्रत ठेव ना वं, कोण पाहायले येते?" धम्मानंद म्हणाले.

"सही केली ना बाबा."

तिने माझ्या पोटातूनही खेळ पुसला. मग माझ्यावर जुनी चादर पडली. वर्षभर पंख्यात धूळ आणि पालीची अंडी.

एका दुपारी धम्मानंदांनी चादर ओढली आणि एका बोटाने टाइप करत इंटरनेट धुंडाळत बसले. थोड्या वेळाने ओरडले, "दीक्षा, ये वं! आपला खेळ सापडला!"

ती आली. तेच खड्डे, त्याच उड्या. तिसऱ्या खड्ड्याशी टोपीवाला भिंतीत घुसे, ती तिची राहून गेलेली चूकसुद्धा तिथेच. फक्त आभाराचं पान नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'निर्मिती: अश्विन'. कंपनीचं नावच नाही, तर कंपनीला सापडणार काय?

"हा आपलाच ना?"

दीक्षाने पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "नाही बाबा. अश्विनचा आहे."

"मग खेळू का?"

"खेळा."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला झाकू नका, असं मी विनवत नाही. माझे दिवस भरलेत. पण दुसऱ्याची टोपी विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घेतली म्हणून जो स्वतः सांगतो, त्याचाच गळा आधी धरू नका.

परवा शेजारची अपेक्षा शाळेचा प्रकल्प दीक्षाकडून टाइप करून घ्यायला आली होती. शेवटी ऋणनिर्देश आला, तशी दीक्षाची बोटं थांबली.

"हे पान नको लावू वं," ती म्हणाली.