एका मिनिटाचं काम

"माणसाला आजार मारत नाही, रांग मारते! आणि या इस्पितळातली रांग आजपासून संपली!" गणिताच्या प्राध्यापकांनी ओपीडीतल्या खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं.

"मग लघवी कुठे द्यायची?" हातात बाटली घेतलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

प्राध्यापकांनी खाली उतरून त्यांना दार दाखवलं. पुन्हा काही ते वर चढले नाहीत.

मुख्य डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. इथले रोगी बरे होऊन जात, पण शिव्या घालत जात. प्राध्यापकांचा उपाय सोपा होता: ज्याचं काम थोडक्यातलं, तो आधी आत. नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्यानं जुन्या पोटदुखीच्या मागे का ताटकळावं? अशानं सगळ्यांच्या ताटकळण्याची बेरीज कमी होते. त्यांनी ते कागदावर सिद्ध केलं होतं आणि कागदानं एका शब्दानं तक्रार केली नव्हती.

आठवडाभरात लोक शहाणे झाले. नाव नोंदवायच्या खिडकीवरच्या बाईनं "काय होतंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, एकच मिनिट." हे म्हणणाऱ्याचा पाय भलत्याच दिशेला वळलेला असे. एक जण तर स्ट्रेचरवर आडवा पडून म्हणाला, "मला नुसतं विचारायचंय."

अशात एका सकाळी प्राध्यापकांची आत्या आली. आईमाघारी त्यांना तिनंच वाढवलेलं. चार पावलं टाकली की तिला धाप लागत होती. खिडकीवर तिनं खरं तेच सांगितलं, "माझं बरंच आहे गं. वेळ लागेल." बाईनं तिला शेवटी बसवलं. येईल तो तिच्या पुढे जात राहिला. दुपार झाली तरी आत्या शेवटीच.

निरोप मिळताच प्राध्यापक वर्गावरून धावत आले.

"आत्या, एका मिनिटाचं आहे म्हण ना!"

"खोटं बोलू? खोटं बोललास म्हणून... तुला कितीदा... बदडलंय."

"मग मी सांगतो डॉक्टरांना."

"काही नको. लोक म्हणतील... भाच्यानं घुसवली."

तिचे ओठ निळसर दिसत होते. प्राध्यापकांची बेरीज अजूनही बरोबर होती. फक्त आत्या तिच्यात नव्हती, बाकावर होती. ते खिडकीपाशी गेले.

"माझ्या आत्याचं काम एका मिनिटाचं आहे."

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "सर, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

आत डॉक्टरांनी आत्याच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. "सिस्टर, ऑक्सिजन! यांना आत्ताच्या आत्ता भरती करायचंय. आजी, केव्हापासून होतंय हे?"

"अगदी पहिल्यापासून सांगू?" आत्याचा चेहरा खुलला. इतक्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला. "मिनिट झालं की!" "वा रे गणितवाला! स्वतःची माणसं बरोबर आत!"

आत्याबरोबर आत आलेल्या प्राध्यापकांनी दार उघडलं, हात उंचावला आणि छाती भरून श्वास घेतला. "मंडळी, माझा नियम चुकला. मी सर्वांसमक्ष कबूल करतो, की विज्ञानाच्या इतिहासात..."

गर्दी खरोखर गप्प झाली.

मागून आत्यानं नाकावरचा मास्क जरा बाजूला केला.

"बाळ, तेवढ्या माझ्या चपला काढ रे. रुततायत."